दूध तोडलेल्या पिल्लांच्या खाद्यातली प्रतिजैविकं: वाढ कशामुळे होते आणि आतड्यात काय बदलतं

प्रश्न तिहेरी आहे. दूध तोडलेल्या डुकराच्या पिल्लांना खाद्यातून क्लोरटेट्रासायक्लिन किंवा टायलोसिन यांसारखं प्रतिजैविक थोडं दिलं की ती खरंच लवकर वाढतात का? वाढत असतील तर औषध आतड्यात नेमकं काय करतं? आणि ते बंद केलं तर किती फटका बसतो?

वाढतात, पण किती ते वयावर ठरतं. अमेरिकेत १९५० ते १९८५ या काळात झालेल्या चाचण्यांची जी सरासरी नेहमी सांगितली जाते, ती अशी: ७ ते २५ किलोच्या पिल्लांत रोजची वाढ १६.४ टक्के जास्त आणि किलोमागे लागणारं खाद्य ६.९ टक्के कमी. १७ ते ४९ किलोच्या टप्प्यात हेच आकडे १०.६ आणि ४.५. २४ ते ८९ किलोपर्यंतचा सगळा काळ धरला तर फक्त ४.२ आणि २.२. रोज ४०० ग्रॅम वाढणाऱ्या पिल्लाला यातून साठ-पासष्ट ग्रॅम जादा मिळतात. सातशे ग्रॅम वाढणाऱ्या मोठ्या डुकराला तीस ग्रॅमही मिळत नाहीत. त्यातही हे आकडे जुन्या काळातले आहेत. लसीकरण, ऑल-इन ऑल-आउट (सगळी पिल्लं एकदम आणणं आणि एकदम काढणं) आणि प्रथिनांच्या घटकांचा, म्हणजे अमिनो आम्लांचा, हिशोब सुधारला तसा हा फायदा आटत गेला. विक्रीच्या वजनाच्या आसपासच्या डुकरांत आज तो बहुतेक चाचण्यांत दिसतसुद्धा नाही. म्हणून विक्रीपर्यंत सगळ्या खाद्यात औषध घालणाऱ्याचा पैसा बहुतांशी शेणात जातो.

हा उपयोग सापडला तो योगायोगाने. अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत स्टोकस्टाड आणि ज्यूक्स हे दोघं १९४८ च्या सुमारास कोंबडीच्या पिल्लांसाठी बी-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन म्हणजेच क्लोरटेट्रासायक्लिन बनवल्यावर उरणारा चोथा त्यांनी खाऊ घातला, तर पिल्लं बी-१२ च्या हिशोबापेक्षा जास्त वाढली. चोथ्यात औषधाचा अंश राहिला होता. पुढे निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या कोंबड्यांवर हीच औषधं वापरून पाहिली, तेव्हा वाढीत फरक पडला नाही. म्हणजे औषध थेट जनावराला वाढवत नाही, जिवाणूंमार्फतच काय ते करतं. बाकी सगळं स्पष्टीकरण याच एका निरीक्षणाभोवती फिरतं.

आता आतड्याकडे. शरीराच्या वजनात आतड्याचा वाटा सुमारे पाच टक्के, पण शरीर जितकी ऊर्जा खर्च करतं त्यातली वीस ते पस्तीस टक्के एकटं आतडं आणि त्याच्याशी जोडलेले अवयव वापरतात. आतल्या अस्तराच्या पेशी दर काही दिवसांनी गळतात आणि नव्या तयार होतात. जिवाणूंनी प्रथिनं कुजवून अमोनिया, अमाइन आणि फिनॉल तयार केले की ही झीज वाढते आणि पेशी बदलण्याचा वेग वाढवावा लागतो. प्रतिजैविक दिलेल्या जनावरांचं आतडं बऱ्याचदा वजनाला हलकं आणि भिंतीला पातळ भरतं. तिथे वाचलेली प्रथिनं आणि ऊर्जा मांसाकडे वळते. ‘वाढ होते’ म्हणण्यापेक्षा ‘गळती थांबते’ म्हणणं मला जास्त बरोबर वाटतं. त्यामुळेच गळती मुळात जिथे कमी आहे, म्हणजे शेड स्वच्छ, पिल्लं वजनदार, खाद्य पचायला हलकं, तिथे औषधाचा परिणामही कमी दिसतो.

सिग्नलिंगच्या, म्हणजे पेशींमधल्या निरोपांच्या, बाबतीत चार वाटा महत्त्वाच्या आहेत. त्यांचं वजन सारखं नाही.

सर्वांत वजनदार वाट दाहाची (इन्फ्लमेशनची). ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाह्यावरणातला लायपोपॉलिसॅकराइड हा घटक टीएलआर-४ या रिसेप्टरला, म्हणजे पेशीच्या निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, लागतो. पेशीत दाहाची जनुकं चालू करणारा एनएफ-कॅपा-बी जागा होतो आणि टीएनएफ-अल्फा, आयएल-१-बीटा, आयएल-६ ही सायटोकाइन्स, म्हणजे दाहाचे निरोप नेणारी प्रथिनं, बाहेर पडतात. त्यांचा निरोप मेंदूला पोचला की भूक मरते. यकृताला पोचला की ते हॅप्टोग्लोबिनसारखी दाहाची प्रथिनं बनवू लागतं, आणि त्यासाठीची अमिनो आम्लं स्नायू मोडून येतात. वाढीचं संप्रेरक रक्तात असतं, पण यकृत त्याला दाद देत नाही, म्हणून वाढीचा निरोप पुढे नेणारं आयजीएफ-१ घसरतं. क्लोरटेट्रासायक्लिन, सल्फामेथाझिन आणि पेनिसिलिन यांचं एएसपी-२५० नावाचं मिश्रण खाणाऱ्या डुकरांच्या रक्तात आयजीएफ-१ वाढलेलं आढळतं, ते याच्याशी जुळतं. २००७ मध्ये नीवोल्ड या संशोधकाने याच धाग्यावर असं मांडलं की ही औषधं जिवाणू मारून नव्हे, तर दाहाच्या पेशींमध्ये साठून त्यांना थेट शांत करून वाढ देतात. टेट्रासायक्लिन आणि मॅक्रोलाइड (टायलोसिन ज्यात येतं) या गटांना हे लागू पडू शकतं. पण झिंक बॅसिट्रॅसिन हे प्रतिजैविक आतड्यातून जवळजवळ शोषलंच जात नाही, तरी वाढ देतं. त्यामुळे ही कल्पना अर्धीच पुरते, असं माझं मत.

दुसरी वाट पित्ताची. यकृत पित्ताम्लांना ग्लायसिन किंवा टॉरिन जोडून आतड्यात सोडतं. लॅक्टोबॅसिलस, एंटेरोकोकस, क्लॉस्ट्रिडियम यांच्याकडचं बाइल सॉल्ट हायड्रोलेज हे एन्झाइम ती जोडणी तोडतं आणि पित्ताची चरबी विरघळवण्याची ताकद कमी होते. प्रतिजैविकांनी हे जिवाणू कमी झाले की चरबी जास्त शोषली जाते. पण पित्ताम्लं म्हणजे नुसता साबण नव्हे. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ती एफएक्सआर या रिसेप्टरला लागतात. तिथून एफजीएफ-१९ यकृताला ‘नवं पित्त बनवणं कमी कर’ असा निरोप नेतं. टीजीआर-५ या दुसऱ्या रिसेप्टरमार्फत आतड्यातल्या एल पेशी जीएलपी-१ आणि जीएलपी-२ ही संप्रेरकं सोडतात. यातलं जीएलपी-२ विली, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरचे बोटांसारखे उंचवटे, उंच ठेवायला मदत करतं. इथे एक खबरदारी घ्यावी. डुकराच्या पित्तात हायोकोलिक आम्लाच्या गटाचं वर्चस्व असतं, उंदराच्या किंवा माणसाच्या पित्तात तसं नसतं. या गटाची आम्लं टीजीआर-५ ला चेतवतात आणि एफएक्सआरला दाबतात. म्हणून उंदरांवरच्या पित्त-सिग्नलिंगचे निष्कर्ष जसेच्या तसे डुकराला लावणारा लेख दिसला तर सावध व्हावं.

तिसरी वाट मोठ्या आतड्यातल्या आंबण्याची. तिथे तंतुमय भागापासून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही लहान मेदाम्लं तयार होतात. ती जीपीआर-४१ आणि जीपीआर-४३ या रिसेप्टरमार्फत पीवायवाय आणि जीएलपी-१ ही संप्रेरकं सोडवतात, म्हणजे पोट भरल्याचा निरोप देतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या पेशींचं मुख्य इंधनही आहे. प्रतिजैविकांनी हे आंबणं दबलं तर भूक थोडी मोकळी होईल, पण अस्तराचं इंधनही तुटेल. या वाटेवर नफा-तोटा दोन्ही आहेत आणि औषधागणिक निकाल बदलतो.

चौथी वाट ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाची, आणि व्यवहारात ही सर्वांत उपयोगी. ट्रिप्टोफॅनपासून आतड्याच्या एंटेरोक्रोमाफिन पेशी सेरोटोनिन बनवतात आणि आतड्याची हालचाल व स्राव त्यावर चालतात. काही जिवाणू ट्रिप्टोफॅनपासून इंडोल गटाची द्रव्यं करतात. ती एएचआर रिसेप्टरला लागून आयएल-२२ हे सायटोकाइन वाढवतात आणि अस्तराची डागडुजी होते. शिवाय दाह सुरू झाला की शरीर आयडीओ एन्झाइममार्फत ट्रिप्टोफॅन जाळतं. पिल्लांच्या लहान आतड्याच्या टोकाला नळीने प्रतिजैविक सोडून केलेल्या प्रयोगांत रक्तातली सुगंधी अमिनो आम्लं आणि मेंदूच्या हायपोथॅलॅमसमधली चेतादूत रसायनंही बदललेली आढळली आहेत. यातून घ्यायचं ते एवढंच: शेड अस्वच्छ असेल, हगवण असेल, तर ट्रिप्टोफॅन आणि थ्रिओनिनची गरज शिफारशींच्या तक्त्यापेक्षा जास्त असते. थ्रिओनिन आतड्याच्या श्लेष्मासाठी खर्च होतं.

आता दुसरी बाजू. औषध फक्त वाईट जिवाणू मारतं, असं मुळीच नाही. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एम्स शहरी कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२ मध्ये एएसपी-२५० दिलेल्या डुकरांची विष्ठा तपासली. दोन आठवड्यांतच ई. कोलायचं प्रमाण वाढलं होतं. जी औषधं दिलीच नव्हती त्यांच्या, म्हणजे अमिनोग्लायकोसाइड गटाच्या, प्रतिकाराची जनुकंही वाढली होती. कार्बाडॉक्स या औषधाची गोष्ट आणखी अडचणीची. ते जिवाणूंमध्ये सुप्त बसलेल्या फाज (जिवाणूंवर जगणाऱ्या) विषाणूंना जागं करतं आणि हे फाज साल्मोनेलाच्या एका जिवाणूतली जनुकं दुसऱ्यात नेतात. टायलोसिनबाबत वेगळं दिसतं. ४० पीपीएम (टनभर खाद्याला ४० ग्रॅम) टायलोसिन खाणाऱ्या पिल्लांचा जिवाणूसमूह मोठ्या डुकराच्या समूहासारखा लवकर होतो. वाढीचा थोडा वाटा कदाचित या लवकर ‘पिकण्याचा’ असेल.

हगवण हीसुद्धा सिग्नलिंगचीच गोष्ट आहे, म्हणून जस्ताचा विषय इथे येतो. दूध तोडल्यावरची हगवण बहुतेक वेळा एफ-४ किंवा एफ-१८ तंतू असलेल्या ई. कोलायची असते. एफ-४ ला जुने लोक के-८८ म्हणतात. हा जिवाणू विलीला चिकटतो आणि विष सोडतो. एसटी विष ग्वानिलेट सायक्लेज-सी ला लागून पेशीत सायक्लिक जीएमपी वाढवतं, एलटी विष सायक्लिक एएमपी वाढवतं. दोन्हींचा शेवट एकच: सीएफटीआर ही क्लोराइडची वाट उघडते, मीठ बाहेर येतं आणि त्यामागोमाग पाणी. झिंक ऑक्साइड मोठ्या मात्रेत हा स्राव कमी करतं, ऑक्लुडिन आणि झेडओ-१ ही पेशींमधले सांधे घट्ट ठेवणारी प्रथिनं टिकवतं, पिल्लाची भूकही सुधारतं. मात्रा २५०० पीपीएम जस्त, दूध तोडल्यापासून जास्तीत जास्त १४ दिवस.

इथे हिशोबात हमखास गोंधळ होतो. २५०० पीपीएम हे जस्ताचं प्रमाण आहे, झिंक ऑक्साइडचं नाही. ७२ टक्के जस्त असलेल्या मालातून टनाला ३.४७ किलो लागतं, ८० टक्केवाल्यातून ३.१३ किलो. १४ दिवसांपुढे चालू ठेवलं तर जस्त यकृतात साठतं, तांबं-लोह शोषलं जाणं अडतं आणि वाढ उलट बसते. जादा जस्त फायटेटला, म्हणजे धान्यातला फॉस्फरस अडकवणाऱ्या द्रव्याला, धरून ठेवतं, त्यामुळे ते तोडणाऱ्या फायटेज एन्झाइमवर भरवसा ठेवून फॉस्फरस कमी केलेल्या फॉर्म्युल्यात पायांचे प्रश्न येऊ शकतात. आणि जस्त शेणातून शेतात जातं. तिथे ते विघटित होत नाही. जस्ताचा प्रतिकार देणारं जनुक एमआरएसए (मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस जिवाणू) याच्या जनावरांतल्या प्रकारात मेथिसिलिन-प्रतिकाराबरोबरच असतं, म्हणजे जस्त देऊनही प्रतिजैविक-प्रतिकार पोसला जातो. या कारणांनी युरोपियन युनियनने जून २०२२ पासून ही मोठी मात्रा बंद केली. आता तिथे खाद्यातलं एकूण जस्त १५० पीपीएमवर थांबतं.

तांब्याचं थोडक्यात. १२५ ते २५० पीपीएम तांबं वाढ देतं, त्यातला काही वाटा घ्रेलिनसारख्या भुकेच्या निरोपातून येतो असं दिसतं. मोरचुदात तांबं २५ टक्के, म्हणजे २५० पीपीएमसाठी टनाला एक किलो. फॉर्म्युल्यात तेलासकट तांदळाचा कोंडा असेल तर एवढं तांबं त्यातलं तेल लवकर खवट करतं; डी-ऑइल्ड कोंडा वापरा. आणि हे खाद्य किंवा या डुकरांचं ताजं खत टाकलेलं गवत मेंढ्यांच्या तोंडी लागू देऊ नका. मेंढी तांब्याने मरते.

मिसळण्यातल्या चुका औषधाइतक्याच महाग पडतात. १५ टक्के क्लोरटेट्रासायक्लिनचा प्रीमिक्स (औषध मिसळलेली तयार पावडर) असेल आणि खाद्यात ५० पीपीएम हवं असेल तर टनाला ३३३ ग्रॅम लागतो. ही वाढीची मात्रा झाली. उपचाराची मात्रा वजनाच्या किलोमागे रोज २२ मिलीग्रॅम आहे. दहा किलोचं, दिवसाला अर्धा किलो खाणारं पिल्लू धरलं तर त्यासाठी खाद्यात ४४० पीपीएम हवं. म्हणजे ५० पीपीएम चालू आहे म्हणून हगवण बरी होईल, ही अपेक्षा चूक. तेवढ्याने जिवाणू फक्त सरावतात. शिवाय आजारी पिल्लू खात नाही, सगळं औषध निरोगी पिल्लांच्या पोटात जातं. म्हणून उपचार पाण्यातून किंवा इंजेक्शनने, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने.

३३३ ग्रॅम थेट टनभर खाद्यात टाकले तर ते कधीच एकसारखे पसरत नाहीत. आधी तीन किलो मक्याच्या भरड्यात, मग वीस किलोत, मग मिक्सरमध्ये. आडव्या रिबन मिक्सरला तीन ते पाच मिनिटं, उभ्या मिक्सरला बारा ते पंधरा. तेल किंवा मळी शेवटी, नाहीतर प्रीमिक्सचे गोळे होतात. टेट्रासायक्लिन कॅल्शियमला घट्ट बांधलं जातं, त्यामुळे चुना जास्त असलेल्या खाद्यात त्याचं शोषण घटतं. औषधी खाद्यानंतर मिक्सरमधून साधा मका फिरवून तो वेगळा ठेवा. विक्रीपूर्वी डुकरांना द्यायच्या खाद्यात पन्नास-शंभर किलो जुनं औषधी खाद्य शिरणं, हे मांसात औषधाचा अंश सापडण्याचं नेहमीचं कारण आहे. लेबलवरचा विथड्रॉल काळ (औषध थांबल्यापासून कत्तलीपर्यंत सोडायचे दिवस) शेवटचा औषधी घास खाल्ल्यापासून मोजतात, पोतं संपल्यापासून नाही. गव्हाणीच्या तळाला खाद्य उरलेलंच असतं.

गोव्यात आणि कोकणात हॉटेलचं उरलेलं अन्न घालणारे बरेच आहेत. तिथे प्रत्येक डुक्कर किती खातं याचा पत्ता नसतो, म्हणून पीपीएमचा हिशोबच लागू होत नाही. अशा ठिकाणी पावडर शिंपडणं थांबवावं आणि अन्न उकळी आल्यावर किमान अर्धा तास शिजवावं. आफ्रिकन स्वाइन फिव्हर आणि क्लासिकल स्वाइन फिव्हर हे विषाणू आहेत, त्यांच्यावर कोणतंही प्रतिजैविक चालत नाही.

कायद्याची दिशा एकच आहे. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठीची प्रतिजैविकं बंद केली, युरोपियन युनियनने १ जानेवारी २००६ पासून. अमेरिकेने २०१७ पासून मानवी उपचारात महत्त्वाची औषधं वाढीसाठी वापरायला मनाई केली, चीनने २०२० मध्ये. चीनमध्येच २०१५ साली डुकरांतल्या ई. कोलायमध्ये एमसीआर-१ हे कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या प्रतिकाराचं जनुक सापडल्याचं जाहीर झालं. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिनवर बंदी घातली. जुन्या साठ्यातलं कोलिस्टिन कुणी देऊ केलं तर घेऊ नका.

बंदीनंतर काय होतं हे डेन्मार्कमध्ये नीट नोंदलेलं आहे. त्यांनी १९९८ मध्ये मोठ्या डुकरांत आणि १९९९ च्या अखेरीपर्यंत पिल्लांत वापर थांबवला. मोठ्या डुकरांत फारसं काही बिघडलं नाही. पिल्लांत वाढ काही काळ मंदावली, हगवणीवरचे उपचार वाढले. तरी १९९२ ते २००८ मध्ये डुकराच्या किलोमागचा एकूण प्रतिजैविक वापर जवळपास निम्म्यावर आला. तिथे आणखी एक गोष्ट दिसली. अ‍ॅव्होपार्सिन हे व्हँकोमायसिनच्या गटातलं खाद्यातलं औषध १९९५ मध्ये बंद होऊनही डुकरांतले व्हँकोमायसिनला न जुमानणारे एंटेरोकोकस हटेनात. व्हँकोमायसिन आणि मॅक्रोलाइड या दोन्हींची प्रतिकार-जनुकं एकाच प्लास्मिडवर, म्हणजे जिवाणूंमधून एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर, होती, आणि टायलोसिन चालू होतं. टायलोसिन थांबल्यावरच ते उतरले. त्यामुळे ‘एक औषध बदलून दुसरं घालू’ हा उपाय नव्हे.

औषध काढायचं तर क्रमाने काढा. आधी विक्रीपूर्वीच्या मोठ्या डुकरांचं खाद्य, मग मधला टप्पा, आणि पिल्लांचं शेवटी, तेही तयारी झाल्यावर. तयारीत पहिलं म्हणजे दूध तोडण्याचं वय. २८ दिवस आणि सात किलोच्या वर वजन असलेलं पिल्लू २१ दिवसांच्या पिल्लापेक्षा कितीतरी सोपं. दुसरं, पहिले ४८ तास. उपाशी पिल्लाच्या विली दोन-तीन दिवसांत खुरटतात आणि मग कुठलंच अ‍ॅडिटिव्ह ते भरून काढत नाही. दिवसातून चार-पाच वेळा थोडं ओलं खाद्य, पाण्याचा निप्पल पहिल्या दिवशी थेंब थेंब गळता, झोपायच्या जागी २८ ते ३० अंश तापमान आणि थंड झोत नाही.

तिसरं, खाद्यातली प्रथिनं. पहिले दोन आठवडे क्रूड प्रोटीन (एकूण प्रथिनं) १८ ते १९ टक्क्यांवर आणा. सोयापेंड कमी करा आणि कमी पडणारी अमिनो आम्लं सुटी घाला: लायसिनच्या तुलनेत थ्रिओनिन ६२ ते ६५ टक्के, मेथिओनिन-सिस्टिन ५८ ते ६०, ट्रिप्टोफॅन २० ते २१, व्हॅलिन ६५ ते ६८. नुसतं प्रोटीन उतरवून अमिनो आम्लं न घालणं ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. हगवण थांबते आणि वाढही थांबते. चौथं, चुना. दूध तोडलेल्या पिल्लाच्या जठरात आम्ल कमी बनतं आणि चुन्याची पावडर तेही खाऊन टाकते. कॅल्शियम सुमारे ०.५५ ते ०.६५ टक्के पुरे, फायटेज धरून. मग आम्लं काम करतात: बेन्झोइक आम्ल ०.५ टक्के, किंवा पोटॅशियम डायफॉर्मेट ०.६ ते १.८ टक्के. चुना तसाच ठेवून वर आम्ल घालणं म्हणजे दोन्हीचे पैसे वाया. थायमॉल-कार्व्हाक्रोलसारखी तेलं उडून जातात. पेलेट करणार असाल तर वेष्टित स्वरूपातलीच घ्या.

बदल खरंच उपयोगी पडला का हे बघायचं तर एक खोली विरुद्ध दुसरी खोली अशी तुलना करू नका. पिल्लांच्या घरांमध्ये, म्हणजे खोलीतल्या कप्प्यांमध्ये, वाढीचा आठ-दहा टक्के फरक तसाही पडतो. प्रत्येक खाद्याला किमान सहा ते आठ घरं, चिठ्ठ्या टाकून वाटलेली, सुरुवातीचं सरासरी वजन सारखं. वजन दूध तोडताना, ७, १४ आणि २८ व्या दिवशी; उरलेलं खाद्य तोलून; विष्ठेला रोज ० ते ३ गुण. पिल्लू मेलं तर त्या दिवसापर्यंतचं वजन आणि खाद्य हिशोबात धरा, नाहीतर एफसीआर (किलोमागे लागलेलं खाद्य) चुकीचा निघतो. आणि हगवण उसळली तर औषध सुरू करण्यापूर्वी तीन-चार नुकत्याच आजारी पडलेल्या, अजून औषध न मिळालेल्या पिल्लांच्या गुदद्वारातून स्वॅब घेऊन थंड डब्यातून कल्चर आणि संवेदनशीलता चाचणीला पाठवा. औषधाचा पहिला डोस गेल्यावर घेतलेल्या नमुन्यात रोगाचा जिवाणू हुकू शकतो.